सत्कार बंद केला तेव्हा

सत्कार बंद करायचा ठराव माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की मी आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारून राहिले.

नांदेडच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी एमबीए केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बाबा भोकरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात हमाल, आई सुगीच्या दिवसांत मजुरीला. मी बी.कॉम. झाले हीच घरात मोठी गोष्ट, त्यावर एमबीए. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ज्यांच्या घरी तीन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांनी खुशाल लपवावा.

कॉलेजचे वर्षाला दोन मोठे कार्यक्रम व्हायचे. एक फेब्रुवारीतली कॉन्फरन्स. दुसरा सीईटीनंतरचा प्रवेश मेळावा, दर वर्षी आसपासच्या एखाद्या गावी भरणारा, ज्यात नवीन पोरं आणि त्यांचे आईबाप येऊन चौकशी करायचे. दोन्ही कार्यक्रम विद्यार्थ्यांनीच चालवायचे अशी तिथली रीत. पाहुणे आम्ही बोलवायचे, हॉल आम्ही लावायचा, जेवण आम्ही सांगायचं. विभागप्रमुख सर शेवटच्या रांगेत बसून बघायचे. काही विचारलं की एकच वाक्य, "तुमचा कार्यक्रम आहे, तुम्ही ठरवा."

पहिल्या वर्षी माझ्याकडं तबक धरायचं काम होतं. व्यासपीठावर अकरा माणसं. एकेकाला शाल, नारळ, गुच्छ, फोटो. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. मग कुणाचे तरी मेहुणे मागं बसलेले दिसले, त्यांना वर बोलावलं. हैदराबादहून एक बाई आल्या होत्या, लोणच्या-पापडाचा छोटा धंदा मोठा कसा करायचा यावर बोलायला. त्यांना परतीची रेल्वे गाठायची होती. त्यांच्या वाट्याला दहा मिनिटंसुद्धा आली नाहीत. मी त्यांना विचारायचा प्रश्न चार दिवस आधी कागदावर लिहून ठेवला होता. तो कागद तबकाखाली माझ्या मुठीत घामानं भिजून गेला. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी कारभार माझ्या हातात आला तर हे सगळं बंद.

आणि दुसऱ्या वर्षी मला कॉन्फरन्सची प्रमुख केलं.

पहिल्याच बैठकीत मी ठराव मांडला. शाल नाही, नारळ नाही, हार नाही. मोठमोठ्या संस्थांच्या कॉन्फरन्सचे व्हिडिओ मी बघून ठेवले होते. तिथं स्टेजवर लांब टेबल नसतं, सतरंजी नसते. चार-पाच उंच स्टुलं असतात, पाहुणे येतात, बसतात, बोलतात, जातात. मी म्हणाले, आपणही असंच करू.

उदगीरचा एक मित्र पाहुणचाराचं काम बघत होता. तो म्हणाला, "शाल न्हाई, नारळ न्हाई. मग पाहुण्यानं घरी जाऊन दाखवायचं काय?"

"ई-सर्टिफिकेट पाठवू मेलवर."

"नारळाची चटणी तरी व्हायची. सर्टिफिकेटचं काय करायचं त्याच्या बायकोनं?"

सगळे हसले, तोही हसला, आणि ठराव पास झाला. उंच स्टुलं कॉलेजात नव्हतीच. ह्या उदगीरकरानंच नांदेडातल्या वजिराबादच्या एका ज्यूस सेंटरमधून पाच स्टुलं मागून आणली, लाल गादीची.

आता माझा जीव कशात अडकला होता ते सांगते. लातूरच्या एमआयडीसीत एक डाळमिल आहे. तिचे मालक डिसेंबरात आमच्या कॉलेजात येऊन गेले होते. तूर खरेदीच्या कामाला शिकलेलं माणूस पाहिजे होतं, जागा एक. त्यांनी आम्हा तिघांशी बोलून घेतलं आणि जाताना सरांना म्हणाले, "भोकरची पोरगी बरी वाटती. कॉन्फरन्सला येतो, तिथं काम कसं करती बघतो, मग सांगतो." सरांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं.

वर्गातली बरीच पोरं पुण्याच्या नावानं डोळे लावून बसली होती. मला ही लातूरची जागा पाहिजे होती. दुसरी चालली नसती असं नाही, पण हीच पाहिजे होती. ज्या पोत्यांखाली बाबांची पाठ गेली, त्या पोत्यातल्या मालाचा भाव ठरतो त्या टेबलावर मला बसायचं होतं. टेबलाच्या ह्या बाजूनं नाही, त्या बाजूनं.

कॉन्फरन्सच्या दिवशी मी सकाळी सातपासून हॉलवर. गळ्यात ओळखपत्र, हातात यादी. मालक आले ते एकटे आले नाहीत. जीपमधून आधी ते उतरले, पांढरा कडक इस्त्रीचा सदरा. मग त्यांच्या आई, नवं इरकल नेसलेल्या. मग बायको, दोन भाऊ, एक सून, सुनेच्या कडेवर लेकरू. मी दारातच उभी होते. माझ्या यादीत एकच नाव होतं.

"सर, तुमचं रजिस्ट्रेशन झालंय," मी म्हणाले. "बाकीच्यांचं?"

मालक माझ्याकडं बघत राहिले. "बाकीचे म्हंजे? घरचे हायत."

उदगीरकर मागून धावत आला. "या या, आजी, या. रजिस्ट्रेशनचं मी बघतो." त्यानं सगळ्यांना तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. मी यादीत भर घातली आणि पुढच्या कामाला लागले. वाक्य तोंडातून गेलं ते कुठं जाऊन लागलं याचा विचारसुद्धा केला नाही.

स्टेजवर चार पाहुणे. तिघं टुणकन चढून बसले. मालक स्टुलापाशी गेले, एक पाय आडव्या नळीवर ठेवला, तो घसरला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. मग स्टूल हातानं जरा मागं सरकवलं आणि म्हणाले, "मी हुभाच ठीक हाय." बाकीचे बसलेले आणि हे मधे उभे, असं चाललं. संचालन करणारी आमची मुलगी इंग्रजीत प्रश्न विचारायची, हे मराठीत उत्तर द्यायचे. प्रत्येकाला पाच मिनिटं असा माझाच नियम होता, आणि वेळ संपली की वाजवायची घंटा माझ्याच हातात.

ते बोलत होते चांगलं. धंदा कसा उभा केला ते सांगत होते. मिल फार नंतर आली. आधी घरात एक जातं होतं. आई गल्लीतल्या लोकांची तूर भरडून द्यायची. ह्यांना शाळा सातवीत सोडावी लागली, तेव्हा हे सायकलवर डाळ घेऊन घरोघरी जायचे. "लोक म्हणायचे, ह्याच्या डाळीत खडा लागत न्हाई. कारण निवडणारी कोण व्हती? ती माझी..." असं म्हणून त्यांनी तिसऱ्या रांगेकडं हात उचलला.

आणि मी घंटा वाजवली.

पाच मिनिटं झाली होती. बरोबर पाच. त्यांनी उचललेला हात खाली घेतला, "धन्यवाद" म्हणाले आणि माईक पुढच्याला दिला.

शेवटी आभार झाले, टाळ्या झाल्या, लोक उठायला लागले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून म्हातारीचा आवाज आला. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, तसा. "झालं? आन हार कवा घालणार हायत?"

मागची पोरं हसली. मीही हसले असेन. मला आठवत नाही, आणि आठवत नाही हे मी सोयीनं म्हणत नाही.

अर्ध्या तासानं उदगीरकर जेवणाच्या मांडवातून आला. "लातूरवाले गेले."

"कुठं?"

"लातूरला. न जेवता. ताटं वाढून तयार व्हती, मी हात धरला, तरी थांबले न्हाईत. आजी म्हणत व्हत्या, थांब की रे, पोरगं एवढं म्हणून राहिलंय. पण ते जीपमधी जाऊन बसले."

आमच्याकडं माणूस भांडून गेला तर चालतं. वाढलेल्या ताटावरून उठून गेला, तर काहीतरी तुटलं असं समजायचं. तरी मी त्याला म्हणाले, "काम असेल त्यांना."

तो म्हणाला, "सात माणसांना?"

पुढच्या आठवड्यात मी दोनदा फोन केला, उचलला नाही. मग सरांनी बोलावून सांगितलं, "लातूरहून निरोप आहे. सध्या जागा भरायचा विचार नाही म्हणतात." एवढंच बोलले. वरून, कॉन्फरन्स वेळेत संपली म्हणून माझं कौतुकही केलं.

मी बाबांना फोन लावला. दुपारची वेळ, मोंढ्यात लिलाव संपून ते सावलीला बसलेले. सगळं सांगितलं. मी म्हणत होते की एवढ्या शिकलेल्या लोकांत एका माणसाला शालीसाठी राग यावा, हे काय? बाबांनी मधेच विचारलं, "जेवले का ते?"

"न्हाई."

"सोबत कोण व्हतं?"

"आई, बायको, भाऊ, सगळं घर."

बाबांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "बाई, तू बी.कॉम. झाली तवा विहारात तुझा सत्कार केला. आठवतं?"

"आठवतं."

"त्या दिवशी मी हदगावहून तुझ्या आत्याला बोलवलं, मुखेडहून मावशीला बोलवलं. नवा सदरा घेतला. कामून बोलवलं सगळ्यायला? शाल बघायला? माईकवर तुझं नाव घेतलं, त्याच्यामागं माझं नाव आलं. माझं नाव त्याच्याआधी माईकवर कुणी कधी घेतलं न्हवतं. अजून बी घेतलं न्हाई." मग कुणीतरी त्यांना हाक मारली. "चल, गाडी लागली," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी होस्टेलच्या जिन्यात बसून राहिले. ती शाल आमच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत आहे, आईनं एकदाही अंगावर घेतलेली नाही. मला त्या दिवशीचं सगळं आठवत होतं. कोण कुठं बसलं होतं, आत्या कशी रडली, कुणी जयभीम म्हणत पेढा तोंडात कोंबला. आणि एवढं आठवत असून मी स्टेजवर माझ्या बापासारख्याच माणसाला स्टुलावर चढायला लावलं होतं. चुकणारी दुसरी कुणी असती, पुण्या-मुंबईची, तर मी तिला माफ केलं असतं. तिला माहीत नव्हतं म्हणाले असते. मला माहीत होतं.

शनिवारी सकाळी मी आणि उदगीरकर लातूरच्या एसटीत बसलो. पिशवीत शाल, नारळ, गुच्छ. नारळ त्यानं स्वतःकडं घेतला. "मला राहू दे. तुझा काय भरवसा, रागानं बसमधीच फोडशील." लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी काय बोलायचं ते पाठ करत होते. चाकूरला तो म्हणाला, "एवढं पाठ नको करू. भाषण केलं तर ते बी घंटा वाजवतील."

मिलच्या आवारात तुरीच्या भुसाचा वास आणि सगळ्यांवर पिवळसर धुरळा. मालकांनी आम्हाला ओळखलं, बसा म्हणाले, चहा सांगितला. माणूस वाकडा नव्हताच. मी पाठ केलेलं विसरले.

"मालक, चूक झाली. दारात मी बोलले ते, आणि घंटा वाजवली ती पण मीच. सत्कार बंद करायचं पण माझंच." असं म्हणून मी पिशवीतून शाल काढली.

त्यांनी हातानंच थांबवलं. "ती ठेव आत. इथं कोण हाय बघायला? कंप्युटर?" मग हसल्यासारखं केलं. "शाली लई हायत बाई माझ्याकडं. लग्नात भेटतात, वास्तूला भेटतात."

मी शाल पुन्हा पिशवीत कोंबली. एवढ्यात मागच्या दारानं त्यांच्या आई आल्या. घर मिलच्या पाठीमागंच होतं. त्यांनी आमच्याकडं निरखून बघितलं. "कोण हायत रे ही?"

"कॉलेजची पोरं हायत, माय. नांदेडची."

म्हातारीचा चेहरा उजळला. खुर्ची ओढून माझ्याशेजारीच बसली. "मग? झाली का तारीख पक्की?"

मला काही कळेना. मी मालकांकडं बघितलं. ते टेबलावरच्या डाळीच्या नमुन्यांत बोट फिरवत होते, कानाच्या पाळीला हात लावत होते.

"होईल, माय. होईल," ते म्हणाले. "तू जा, भाकरीचं बघ. पोरं जेवून जातील."

ती गेल्यावर ते हळूच म्हणाले, "काय सांगणार तिला? जीपमधी इचारायला लागली, हार कामून घातला न्हाई. मी म्हणलो, मोठा पाहुणा यायचा राहिला, म्हणून अर्धाच कार्यक्रम झाला, उरलेला पुढं हाय. तवापासून रोज इचारती. मी रुसलो न्हाई बघा. तुमच्या फोनवर काय बोलावं तेच मला कळंना."

मी काही बोलायच्या आत उदगीरकर बोलून गेला. "हाय की तारीख. पुढच्या महिन्यात. आमचा प्रवेश मेळावा हाय, इथं लातूरलाच."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. मालक माझ्याकडं बघून राहिले होते.

"होय," मी म्हणाले. "आहे."

जेवताना त्यांनी नोकरीचा विषय काढला नाही. निघताना फाटकापाशी म्हणाले, "तू त्या जागेचं इचारायला बी आली असशील."

"होय, आले आहे. पण आधी ह्या कामाला आले."

"मग आधी हे होऊ दे," ते म्हणाले, आणि आत गेले.

परत येताना मी उदगीरकराला अहमदपूरपर्यंत शिव्या दिल्या. कारण आता मला कमिटीपुढं उभं राहून माझ्याच ठरावाच्या विरोधात बोलायचं होतं. आणि ज्युनिअर पोरांना मी सत्काराच्या विरोधात इतकं ऐकवलं होतं की ती माझ्यापेक्षा कडक झाली होती.

बैठकीत झालंही तसंच. "मॅम, तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, सत्कार म्हणजे बोलणाऱ्याच्या वेळेची चोरी?"

"म्हणाले होते."

"मग आता?"

एका मुलीनं तर सरळच विचारलं, "मॅम, त्यांच्या मिलमध्ये तुमचं चाललंय म्हणून का?"

उदगीरकर मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं, मीही पहिल्या वर्षी अशीच होते.

"ती नोकरी मला पाहिजे," मी म्हणाले. "अजून पाहिजे. ते मी लपवत नाही. पण उद्या त्यांनी दुसरं कुणी घेतलं, तरी हा सत्कार आपण करायचा. माणूस घरच्या सहा जणांना घेऊन आला होता. आपण त्याला पाच मिनिटं दिली आणि न जेवता परत पाठवलं. चूक मी केली. कमिटीची म्हणून ती भरून काढायची परवानगी मागते. अकरा जणांचा नाही. एकाच माणसाचा."

ती मुलगी विचार करून म्हणाली, "एकच. आणि मेहुणे नाहीत."

"मेहुणे नाहीत."

सर मागून म्हणाले, "तुमचा कार्यक्रम आहे." आणि पहिल्यांदाच पुढं एक वाक्य जोडलं, "आईंचं नाव विचारून ठेवा."

मेळावा एका रविवारी सकाळी, लातूरच्या एका मंगल कार्यालयात. दोन दिवस आधी आम्ही रिक्षावर भोंगा लावून फिरवला होता. औशाकडचे आले, निलंग्याचे आले, मुखेडहूनसुद्धा दोन-तीन कुटुंबं आली. लातूरची माणसं शिक्षणाच्या बाबतीत कडक. पोरगं डॉक्टर होणार नाही हे पचवून आलेले बाप तर फारच कडक. टेबलावर येऊन विचारायचे, "मॅनेजमेंट म्हंजे नेमकं काय शिकवता? मॅनेज तर आम्ही बी करतो घर." आम्ही ह्या वेळी सगळी माहिती मराठीत लिहिली होती. खाली साध्या खुर्च्या, वर साध्या खुर्च्या.

मालक आणि घरचे सगळे वेळेआधी हजर. मी दारात उभी होते. यादी बघितलीच नाही, सगळ्यांना पहिल्या रांगेत नेलं.

सत्काराची वेळ झाली तेव्हा माईक माझ्या हातात होता. मी मालकांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं घेतलं, आणि मग आईचं. सभागृहात पंखे गरगरत होते. पुढून म्हातारी म्हणाली, "माईक जरा जवळ घे, बाई. मागं ऐकू गेलं न्हाई."

मी पुन्हा सगळं म्हटलं, सावकाश. कुणी हसलं नाही. सरांनी मालकांच्या खांद्यावर शाल घातली. ऊन असं की भिंतीसुद्धा तापलेल्या, पण मालकांनी शाल खांद्यावरून काढली नाही. घाम पुसत तसेच बोलायला उभे राहिले.

"ह्या बाईनं फेब्रुवारीत माझ्यावर घंटा वाजवली व्हती," त्यांनी सुरुवातच अशी केली. मला वाटलं जमीन दुभंगावी. पालक माझ्याकडं वळून बघायला लागले. "बरं केलं. मी लांबण लावतोच. पण एक वाक्य राहिलं व्हतं, ते सांगतो." आणि त्यांनी जात्याची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. तूर निवडणारी कोण होती ते सांगितलं. हात उचलला, तो ह्या वेळी पूर्ण उचलला.

मी पायऱ्या उतरून आजींच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांच्या हिशेबानं हळू आवाजात, म्हणजे चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मोठा पाहुणा यायचा राहिला म्हणं. मला काय कळत न्हाई व्हय? तो खोटं बोलला की कानाला हात लावतो. लहानपणापासून."

"मग आजी, रोज तारीख कामून इचारत व्हता?"

"न्हाई इचारलं तर त्यानं सोडून दिलं असतं की. त्याचा सोभाव मला ठाऊक न्हाई?"

भाषण संपल्यावर आम्ही पालकांना प्रश्न विचारायला सांगितलं. आमची अपेक्षा होती की प्रश्न सरांना येतील. निलंग्याकडचा एक शेतकरी उठला, टोपी सारखी केली आणि थेट मालकांना म्हणाला, "मालक, तुम्ही इथं कौतुक करून राहिले, ठीक हाय. पर तुमच्या मिलमधी ह्या कॉलेजचं एखादं लेकरू ठिवता का? ते सांगा. मग मी माझी पोरगी घालतो."

सभागृह एकदम जागं झालं. असा प्रश्न आम्ही कार्यक्रमपत्रिकेत लिहून आणला असता तरी इतका नेमका जमला नसता. मालकांनी शाल सावरली. मला वाटतं, त्यांचंही त्या क्षणापर्यंत पक्कं नव्हतं.

"एक ठिवायचं हाय," ते म्हणाले. "ही घंटावाली."

लोक हसले. मालक हसले नाहीत. "ऐका. माझ्याकडं चूक करणारी माणसं बक्कळ हायत. चार तास बसमधी बसून येऊन, मी केली म्हणणारं माणूस न्हाई मिळत. तूर घेताना हेच लागतं. शेतकऱ्यासमोर बी आन माझ्यासमोर बी." मग माझ्याकडं वळून, माईकवरच, "पर टेबल लगेच न्हाई हां. आधी चार महिने वजनकाट्यावर हुभं राहायचं. पोती येत्यात, ती मोजायची, धूळ खायची. चालंल?"

मला खूप काही म्हणता आलं असतं. काटा काय असतो ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी आपली भोकरच्या बोलीत म्हणाले, "हाव."

सरांनी शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवायला सुरुवात केली. उदगीरकर मांडवाकडं पळाला, ह्या वेळी कुणी न जेवता जाता कामा नये म्हणून दारातच उभा राहिला.

मी माहितीच्या टेबलावर येऊन बसले, कारण रांग लागली होती आणि काम माझंच होतं. पेन आणि नोंदवही पुढं ओढली. रांगेत पहिलीच एक बाई होती, मुखेडकडची, सोबत मुलगी. मुलगी आईच्या मागं अर्धी लपलेली. बाई कार्यक्रमाला उशिरा पोचली होती, तिनं भाषण ऐकलेलं नव्हतं. तिनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं.

"तू हितंच शिकती?"

"हो, मावशी. शेवटचं वर्ष."

"घरी कोण शिकलेलं हाय?"

"कुणी न्हाई. मीच."

ती जरा पुढं वाकली. "मग खरं सांग. शिकून लागली का नोकरी?"

"लागली."

"कवा?"

"आत्ताच, मावशी. पाच मिनिटं झाली."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, थट्टा करते का खरं सांगते ते तपासलं. मग मुलीचा दंड धरून तिला टेबलापुढं आणलं.

"लिही हिचं नाव," ती म्हणाली. "आधी हिचं, मग बापाचं. आन मग माझं बी लिही."